बांधाच्या शेजाऱ्याचं पत्र

संध्याकाळी दुधाचं भगुनं ओट्यावर आलं की तात्या आधी त्यात बोट बुडवायचे, थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, तो कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघायचे आणि मगच भगुनं चुलीवर जायचं. म्हैस आमचीच. धार काढणारी माझी आई. पाणी घालून ती कुणाला फसवणार होती, हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही; पदराआड हसायची आणि मला म्हणायची, "बघू दे गं, त्याबिगर त्यांना झोप न्हाई येत." तात्या म्हणजे माझे मोठे चुलते. मी चालायला लागायच्या आधीच माझे वडील गेले, काकूही लवकर गेल्या, तात्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मी, आई आणि जमीन, सगळं त्यांच्याच हाताखाली. त्यांनी मला जीव लावला, त्यात तिळमात्र खोट नाही, पण जीव लावायची त्यांची तऱ्हाच संशयाची होती. वर्गात पहिली आले म्हणून धावत सांगायला गेले, तर "वर्गात पोरं किती?" असं विचारलं. मी रडले. मग त्यांनी पेढे आणले, आणि ते शिळे नाहीत ना म्हणून आधी स्वतः एक खाऊन बघितला.

ह्या स्वभावाचं गावाला मोठं कौतुक होतं. केदारखेड्याच्या पंचक्रोशीत कुणाच्या पोरीला स्थळ आलं की चौकशीला तात्यांनाच धाडायचे. ते बैल बघायला आलो म्हणून त्या गावात जायचे, दोन दिवस कुणाच्या तरी ओसरीवर पडून राहायचे आणि मुलाची कुंडली घेऊन परत यायचे. त्यांची रीत ठरलेली. "घरच्याला इचारायचं न्हाई, भावकीला इचारायचं न्हाई. न्हाव्याला तर बिलकुल न्हाई, त्यो दोन्हीकडून खातो. ज्याचा बांध त्याच्या बांधाला लागलाय त्याला इचारायचं. बांधाच्या शेजाऱ्याला माणूस आतून-बाहेरून ठाव असतो." आमचा स्वतःचा बांधाचा शेजारी म्हणजे लिंबाजीकाका, आणि त्यांच्याशी तात्यांचं एका बाभळीवरून वाजलेलं होतं. बाभूळ कुणाच्या हद्दीत हा वाद. ती कधीच वाळून पडली, तिचं सरपणही जळून गेलं, तरी दोघं समोरासमोर आले की एक जण रस्ता सोडून वावरातनं जायचा.

मी कृषी पदविका करून बियाण्याच्या प्लॉटवर सुपरवायझर झाले तेव्हा तात्यांनी महिनाभर माझ्यामागे माणूस ठेवला होता, हे मला फार नंतर कळलं. ते काम आमच्या भागात घरोघर चालायचं. संकरित पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, बियाणं हातानं बनवावं लागतं: दुपार कलली की उद्या उमलणारी कळी नखानं सोलून तिच्यातला नरभाग काढायचा, खुणेला लाल कागद लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर घासायचं. ह्याला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. सुपरवायझरनं ओळ न् ओळ बघून प्लॉट पास केला तरच कंपनी ते बियाणं घ्यायची. सकाळच्या पारी पंधरा-वीस बाया वाकून ओळीनं चालल्यात, बांगड्या किणकिणतायत, कुणीतरी सासूची नक्कल करतंय, लांब विहिरीवर इंजिन धापा टाकतंय, हा आवाज अजून माझ्या कानात आहे. अकराला भाकरी सोडायची. आमच्या फडक्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं डब्यात बांधून दिलेली येसराची आमटी; ती सांडली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. माझा हात त्या कामाला बसला होता. मी घासलेल्या फुलांची बोंडं गळत नसत. बाया म्हणायच्या, "सुमे, तुझी बोटं कापून आम्हाला दे अन् तू घरी बस."

परदेशाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका मासिकामुळे. कंपनीचे एक साहेब प्लॉट बघायला आले आणि बियाण्याच्या धंद्याचं एक विलायती मासिक विसरून गेले. मागच्या पानांवर बारीक अक्षरात बियाणं पिकवणाऱ्यांचे पत्ते होते. मी ते पान बघत बसले आणि मला वाटलं, ही माणसं टोमॅटोचं, मिरचीचं बियाणं बनवतात म्हणजे यांच्याकडेही फुलं हातानंच घासावी लागत असणार. मग यांना बोटं लागणारच. परदेशी जायचं म्हणजे एजंट, हीच तेव्हा सगळ्यांची समजूत. हसनाबादचा एक जण एजंटाच्या नादी लागून आखातात गेल्ता आणि दोन महिन्यांत नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी परत आल्ता. मी ठरवलं, मध्ये कुणी नको. मालकालाच लिहायचं. नोकरी द्या असं नाही लिहायचं. मला काय येतं, एका सकाळी किती फुलं होतात, शंभरातली किती धरतात, ते लिहायचं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एक पत्र तयार केलं, त्याच्या चाळीसेक प्रती हातानं काढल्या आणि केदारखेड्याच्या पोस्टात टाकल्या. पोस्टमास्तरांनी पाकिटं उलटीसुलटी करून बघितली. "एवढे पाव्हणे कुठून काढले?" म्हणाले.

माझी लेक आता मोबाईलवर एका बैठकीत वीस कंपन्यांना अर्ज धाडते. मी तिच्या मागं उभी राहून विचारते, "ह्याच्या शेजारी कोण राहतं?" ती कपाळाला हात लावते. लावू दे. रक्तातच आहे ते, जाणार कुठं!

चाळिसातल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. चार-पाच छापील आभार आले. आणि शिमग्याच्या सुमाराला न्यूझीलंडहून एक हातानं लिहिलेलं पत्र आलं. बार्लो नावाच्या माणसाची काचघरं होती, टोमॅटो आणि मिरचीच्या बियाण्याची. त्यानं लिहिलं होतं की तुमच्या पत्रात नुसतं कामाबद्दल लिहिलंय ते आवडलं. आमचा हंगाम तुमच्या दिवाळीच्या वेळी सुरू होतो. दोन बाया आधीच कामाला आहेत, त्यांच्याबरोबर राहायची सोय होईल. तिकीट मी काढतो. मी ते पत्र घरात वाचून दाखवलं. आई खुश झाली आणि त्याच क्षणी रडायला लागली. तात्यांनी पत्र हातात घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला.

"काय मागून राह्यला त्यो?"

"काही नाही मागत."

"काहीच न्हाई?"

"नाही हो तात्या. उलट तिकीट देतोय."

"मंग तर बिलकुलच न्हाई जायचं. जो काहीच मागत न्हाई त्यो पुढं मोठं कायतरी मागणार. अन् न बघता-बोलता तिकीट? आपण गडी सालावर ठिवायचा म्हणलं तरी त्याचा बाप कोण ते इचारतो."

मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. खरं तर दुसऱ्याच दिवशी आईनं मागच्या दारानं भाकरी दिली, पण ते तात्यांना माहीत नव्हतं. मला चोविसावं लागलं होतं, घरात रोज एखाद्या स्थळाचं नाव निघत होतं आणि मला पक्कं दिसत होतं की ह्या हंगामात गेले नाही तर मी कधीच जाणार नाही. कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी घरात दुधाचं भगुनं ओट्यावर ठेवत जन्म जाईल. शेवटी तात्या म्हणाले, "बरं. स्थळाची करतो तशी चौकशी करू. त्याच्या बांधाच्या शेजाऱ्याला लिही."

मला हसावं का रडावं कळेना. सातासमुद्रापलीकडच्या माणसाचा बांधाचा शेजारी! नाव नाही, गाव नाही. पण तात्या हटेनात. मग मी पाकिटावर लिहिलं: 'श्री. बार्लो यांच्या जमिनीला ज्यांची जमीन लागून आहे त्यांस', आणि खाली बार्लोच्या पोस्टाचा पत्ता. आत तात्यांचे प्रश्न. माणूस पितो का? पिऊन काय करतो? बायको नांदते का? बांध कोरतो का? एका हंगामाला आलेले मजूर दुसऱ्या हंगामाला परत येतात का? शेवटचा प्रश्न लिहिताना मात्र मला तात्यांचं कौतुक वाटलं. बाकीचे लिहिताना कान तापले होते. पोस्टात टाकायच्या आधी पाकीट दोनदा पिशवीतून काढलं, वाटलं नाल्यात फेकून द्यावं. पण मग घरी खोटं बोलावं लागलं असतं, आणि तात्यांपुढे खोटं टिकत नव्हतं.

उत्तर अक्षयतृतीयेच्या पुढं-मागं आलं, आणि ते बार्लोचंच होतं. तिथल्या पोस्टमननं पत्र बरोबर त्याच्या शेजारणीला नेऊन दिलं होतं आणि ती बाई ते घेऊन थेट त्याच्याकडे गेली होती. त्यानं एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. शनिवारी पितो, पिऊन झोपतो. बायको वारली, ती होती तोवर नांदली. बांध कोरत नाही, पण शेजारणीच्या मेंढ्या माझ्याकडे शिरतात आणि ते ती तुम्हाला सांगणार नाही. एक बाई सहा हंगाम येतेय. आणि खाली शेजारणीनं तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: हे सगळं खरं आहे, मेंढ्या सोडून. तात्यांनी ते माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "हा माणूस चालंल!" पण पत्र तिथं संपलं नव्हतं. बार्लोनं पुढं लिहिलं होतं: मला तुमची ही पद्धत पटली. आता माझी पाळी. तुमच्या बांधाच्या शेजाऱ्यानं तुमच्याबद्दल मला लिहावं. ते पत्र आलं की कामाचे कागद पाठवतो.

तात्या उठून उभे राहिले. तात्या म्हणाले, "लिंबाजी? त्यो वाटोळं करंल तुझं. त्यापरीस मी दुसऱ्याच्या नावानं लिवून देतो." मी म्हटलं, "आपण त्याला खरं विचारलं, त्यानं खरं सांगितलं. आता आपण खोटं लिहायचं?" केवढ्या तोऱ्यात म्हटलं मी ते! आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

लिंबाजीकाका निंबाखाली दावं वळत बसले होते. आमच्या घरचं माणूस त्यांच्या अंगणात कित्येक वर्षांत आलं नव्हतं, तरी त्यांनी आधी पाणी मागवलं, मग "काय काम काढलं?" विचारलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना दाव्याचा पीळ सोडत नव्हते. म्हणाले, "इंग्रजीत लिवायचं? मला तर मराठी बी धड येत न्हाई. शाळंचे गुरुजी सुटीत त्यांच्या गावी गेलेत. मंग तूच लिव. मी सांगतो." आणि ते सांगायला लागले, मी लिहायला लागले. पोरगी कामाला वाघ आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी प्लॉटवर येते. मजूर बायांना कधी टाकून बोलली नाही. हिचा चुलता एक नंबरचा संशयी आहे, पण त्याला पोरीचा काय इलाज. मी हसत हसत लिहीत होते. मग ते त्याच आवाजात म्हणाले, "अन् लिव, की गेल्या साली हिनं माझा प्लॉट फेल केला. शेवटच्या तासात न सोललेली फुलं राह्यली म्हणून. शेवटच्या तासापोत्तर ही आलीच नव्हती. मी बांधावर उभा राहून बघत व्हतो."

खरं होतं ते. शेवटचा तास म्हणजे आमच्या बांधालगतची ओळ. तपासणीच्या आदल्या दिवशी तात्या मला म्हणाले होते, "लिंबाजी बांधाकडंच्या तासात क्रॉसिंग करून न्हाई राह्यला, मी बघतोय ना रोज." मी निम्मा प्लॉट हिंडले, ऊन वर आलं होतं, तात्यांवर विश्वास ठेवला आणि कागदावर फेल लिहून मोकळी झाले. फार खोलात कुणी गेलं नाही. त्यांचं अख्खं बियाणं साध्या कापसाच्या भावानं गेलं. त्या घरानं वर्षभर काय सोसलं असेल, हा विचार मी तोवर एकदाही केला नव्हता.

मी मान खाली घालून लिहीत राहिले. पण ते वाक्य लिहिलं नाही. त्याच्या जागी कायतरी दुसरंच लिहिलं, ही मुलगी प्रामाणिक आहे असलं कायतरी. मग विचारलं, "वाचून दाखवू का, काका?" त्यांनी दावं बाजूला ठेवलं, पेन घेतलं, जीभ दातांत धरून सही केली आणि म्हणाले, "कशाला? तूच तर लिवलंस."

मी पत्र टाकलं. घरी आले आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडले. आई म्हणाली ऊन लागलं. तात्यांनी विचारलं, "काय सांगितलं त्यानं?" मी म्हटलं, चांगलं सांगितलं. तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या नजरेची भीती वाटली.

पोळ्याच्या चार-आठ दिवस आधी लिंबाजीकाका आमच्या अंगणात आले. तात्या बैलांची शिंगं घासत होते, ते ताठ उभे राहिले. लिंबाजीकाका त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "पोरी, तुझ्या साहेबाचं पत्र माझ्या नावानं आलंय. काय म्हणतो बघ." मी पाकीट फोडलं. बार्लोनं लिहिलं होतं: आपल्या पत्राबद्दल आभार. पण बांधाच्या शेजाऱ्याला एक गोष्टसुद्धा वाईट दिसली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. या मुलीचं तुम्हाला खटकलेलं काहीच नाही का? असेल तर कळवा. तोवर कागद थांबवतो.

दुसरं काहीही वाचून दाखवता आलं असतं. अंगणात इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते, लिंबाजीकाका चपलेकडे. पत्रात जे लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. लिंबाजीकाकांना समजायला वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजी तू ते लिवलंच न्हाई."

"नाही लिहिलं काका. अन् तुम्ही म्हणाला ते खरंय. मी शेवटच्या तासाला आले नव्हते. तात्या म्हणाले म्हणून मी फेल केलं."

"काय बोलून राह्यली तू!" तात्या ओरडले. मी त्यांच्यावर त्याच्या दुप्पट ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "तुम्ही जन्मभर सगळ्यांच्या दुधात बोट घातलं आणि खोटं निघालं ते घरातच" असं बोलले, एवढं आठवतं. लिंबाजीकाकांनी माझ्या हातातून पत्र काढून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "गुरुजी आलेत आता सुटीवरनं," एवढंच म्हणाले आणि शाळेकडे गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. गुरुजींच्या हातून काय गेलं असेल, मी केलेला खोटेपणा सगळाच गेला असेल, जायलाच पाहिजे, असं मनाशी म्हणायची आणि पुन्हा आशा करायची. काम संपलं, स्वप्न संपलं, असं धरूनच मी दसऱ्याला सोनं वाटलं. लिंबाजीकाकांच्या घरीही गेले. त्यांनी आपट्याचं पान घेतलं आणि आत गेले. दोन दिवसांनी कागद आले. तात्यांनी ते उजेडात धरले आणि पहिला प्रश्न विचारला, "लिंबाजीला कायी दिलं तर न्हाई ना तू?" मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतले. गावातून निघाले तेव्हा निम्मं गाव एसटीजवळ आलं होतं. लिंबाजीकाका नव्हते.

बार्लो उंच, वाकलेला, तोंडातल्या तोंडात बोलणारा म्हातारा निघाला. पहिल्या सकाळी त्यानं मला काचघरं दाखवली, ओळी दाखवल्या, आणि मग खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, हे तुमच्या शेजाऱ्याचं, तुम्ही वाचायला पाहिजे. गुरुजींचं टपोरं, शाळेच्या फळ्यावरचं इंग्रजी. खाली जीभ दातांत धरून केलेली ती सही. मी खोटं लिहिलं होतं त्याचा कुठं उल्लेख नव्हता. दोनच वाक्यं होती. मी ती त्या परक्या माणसासमोर उभ्या उभ्या वाचली आणि हुंदका देऊन रडले.

'हिनं माझा शेवटचा तास बघितला नव्हता. तुमचा बघेल.'